माजी सैनिकाला अखेरची मानवंदना : आपल्या दलाचे कर्तव्य

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



समितीने आम्हाला विषय दिला, "दलाने वस्तीतील माजी सैनिकांच्या अंत्यविधीला मानवंदना द्यावी का, आणि द्यावी तर कशी?" आम्ही काही विद्वान नाही. साचेखात्यात बदली कामगार म्हणून लागलो, शिक्षण नववीपर्यंत, बाकी जे काही शिकलो ते या विहाराच्या वाचनालयात आणि मोर्चात. आणि इथं "आम्ही" म्हणतो म्हणजे एकट्याचं म्हणत नाही. आमच्या शाखेतल्या दहा-बारा जणांनी मिळून जे केलं, जे पाहिलं, तेच सांगणार आहोत.

प्रश्न साधा वाटतो, पण साधा नाही. मागच्या बैठकीत आपल्याच एका शिकलेल्या तरुणाने उभं राहून विचारलं, "आपण बुद्धाचे उपासक. पहिलंच शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचं. मग विहाराच्या अंगणातून बंदूकवाल्याला सलामी कशी?" दुसरा म्हणाला, "आपले पूर्वज इंग्रजांच्या पलटणीत लढले, त्याचं एवढं काय कौतुक?" दोघांना आम्ही गप्प बसवलं नाही. बाबासाहेबांच्या माणसांनी प्रश्न विचारायलाच पाहिजेत. आज त्या दोघांना उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

आधी दुसऱ्याचा प्रश्न घेऊ.

बंधूंनो, पलटण आपल्या लोकांना काय होती, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. गावात ज्याला पायात वहाण घालून वेशीतून जाता येत नव्हतं, त्याला पलटणीत बूट मिळाले. गावात ज्याला शाळेच्या ओट्यावर चढता येत नव्हतं, त्याला आणि त्याच्या मुलाबाळांना पलटणीत शिकायची सोय होती. परमपूज्य बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला तो महूच्या छावणीत. सुभेदारांच्या घरात अक्षर होतं, वाचन होतं, शिस्त होती, म्हणून भीमराव शाळेपर्यंत पोचला. हे आपण विसरून चालणार नाही.

आणि पलटणीत आणखी एक गोष्ट मिळाली, ती म्हणजे नाव. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत जे पडले त्यांची नावं तिथल्या स्तंभावर कोरली. त्यात बावीस नावं आपल्या लोकांची. शेवटी "नाक" लागलेली. गावात ज्यांना हाक मारायची तर "अरे, ए" म्हणून, त्यांची नावं दगडावर पहिल्यांदा तिथं उमटली. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला त्या स्तंभापाशी गेले, ते इंग्रजांचा जयजयकार करायला गेले नव्हते. तुमच्यात कर्तबगारी आहे, तुम्ही मेलेल्या मनाची माणसं नाही, हे समाजाला दाखवायला गेले.

कारण तो रस्ता मध्येच बंद झाला होता. १८९२ च्या सुमारास सरकारने ठरवलं की अमुक जाती लढवय्या आणि तमुक जाती नाहीत, आणि आपली भरती थांबवली. गोपाळबाबा वलंगकर स्वतः पलटणीतून निवृत्त झालेले. त्यांनी १८९४ साली अर्ज तयार केला. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट विलायतेतल्या भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. पहिल्या महायुद्धात गरज लागली तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण उभी केली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ साली मोडून टाकली. काम झालं, आता घरी जा! गिरणीतल्या बदली कामगारासारखंच झालं हे. पाळी असेल तर कार्ड पंच, नाही तर गेटाबाहेर.

पुढे १९४१ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या राष्ट्रीय संरक्षण मंडळावर होते. त्यांनी हा विषय लावून धरला आणि त्याच साली ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा तोच स्तंभ होता. त्या रेजिमेंटमधून पुढे जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी असे दोन लष्करप्रमुख झाले. २५ नोव्हेंबर १९८७ ला श्रीलंकेत ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी प्राण दिला, त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. आज त्या रेजिमेंटमध्ये देशाच्या सगळ्या भागांतले, सगळ्या समाजांचे जवान आहेत. आपल्या नावाच्या रेजिमेंटमध्ये कोणाला जातीवरून मज्जाव नाही, याचा आम्हाला जास्त अभिमान आहे.

तेव्हा त्या तरुणाला आमचं सांगणं एवढंच. कौतुक इंग्रजांचं नाही. एका बंद दारावर पन्नास वर्षं टकटक करणाऱ्या आपल्या बापजाद्यांचं आहे.

आता पहिला प्रश्न. तो जास्त कठीण आहे.

"भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म" आपण दर वर्षावासात वाचतो. बाबासाहेबांनी त्यात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं कारण काय सांगितलं? रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात भांडण पेटलं, शाक्यांच्या संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने त्याला विरोध केला, आणि म्हणून त्याला घर सोडावं लागलं. म्हणजे आपल्या धम्माची सुरुवातच युद्धाला नकार देण्यातून झाली. हे आम्ही लपवत नाही.

पण त्याच ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचा अर्थही उलगडून सांगितला आहे. मारण्याची हौस वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी, हा फरक तथागतांनी केला, असं ते समजावतात. अहिंसा हे तत्त्व आहे, डोळे मिटून पाळायचा नियम नाही. आणि वैशालीचा सिंह सेनापती आठवा. तो सेनेचा प्रमुख होता. तो तथागतांचा उपासक झाला. आधी सेना सोड, मग उपासक हो, असं त्याला सांगितलं नाही.

महाडला काय झालं? २० मार्च १९२७. चवदार तळ्याचं पाणी प्यालो आणि आपल्या लोकांवर लाठ्या चालल्या. सत्याग्रहींमध्ये पहिल्या महायुद्धात लढून आलेले कितीतरी जण होते. हात शिवशिवत होते. पण बाबासाहेबांचा शब्द आला, शांत राहा, आणि ते राहिले. आमच्या मते सैनिकाची खरी परीक्षा ती. ताकद असून हात आवरला. याच माणसांनी पुढे दलाच्या पोरांना कवायत शिकवली.

म्हणून आम्ही मानवंदना देतो ती लढाईला देत नाही. ज्याने शब्द दिला, तो पाळला, थंडीवाऱ्यात दुसऱ्यासाठी जागा राहिला, त्या माणसाला देतो. १९४७ च्या फाळणीत पंजाबात माणसं माणसांना कापत होती, तेव्हा निर्वासितांच्या तांड्यांना संरक्षण देण्याच्या कामावर महार रेजिमेंटच्या पलटणी होत्या. ते तांडे आपल्या जातीचे नव्हते, आपल्या भाषेचे नव्हते. तरी पहारा दिला. याला मैत्री म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

आता प्रत्यक्ष काय केलं ते सांगतो. कारण नुसत्या इतिहासाने पोट भरत नाही.

२००९ सालची गोष्ट. आमच्या चाळीत एक आजोबा होते. सगळे त्यांना "मिलिटरी आजोबा" म्हणायचे. १९४२ साली भरती झाले. दुसऱ्या महार पलटणीबरोबर ब्रह्मदेशात गेले, लढाई संपल्यावर इराकातही होते. १९४६ साली युद्धापुरती घेतलेली माणसं कमी केली, त्यात तेही घरी आले. नोकरी थोड्या वर्षांची, त्यामुळे पेन्शन नाही. मग मुंबईला येऊन गिरणीच्या गेटवर पहारेकरी म्हणून उभे राहिले ते निवृत्त होईपर्यंत. जयंतीला मात्र सकाळी सहाला छातीवर पदकं लावून झेंड्यापाशी हजर. पोरं हसायची. आजोबा हसू द्यायचे.

पंच्याऐंशीव्या वर्षी ते गेले. रात्री निरोप आला, दलाची पोरं जमली आणि एकच गडबड. एकजण म्हणाला, पोलिसांकडून बंदुकीच्या फैरी मागू. दुसरा कुठूनतरी भला मोठा तिरंगा घेऊन आला. तिसऱ्याने जयंतीचा बँडवाला गाठला, तो म्हणाला, सिनेमातलं देशभक्तीचं गाणं वाजवतो, पैसे नकोत. सगळ्यांची भावना चांगली. पण शेजारच्या चाळीतले निवृत्त नायक आले, त्यांनी सगळ्यांना खाली बसवलं आणि नीट समजावलं. त्यांनी सांगितलेलं आम्ही नंतर पुस्तकातून पडताळलं. आज ते सर्वांनी लक्षात ठेवावं म्हणून सांगतो.

एक, बंदुकीची सलामी सरकारी वा लष्करी आदेशाने होते. ती आपण मागून लगेच मिळत नाही आणि तिची नक्कलही करू नये. फटाके वाजवून तर मुळीच नाही.

दोन, राष्ट्रध्वज. २००२ च्या ध्वजसंहितेप्रमाणे तिरंगा पार्थिवावर घालायचा तो फक्त शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी इतमामाच्या अंत्यविधीला. तेव्हा केशरी पट्टा डोक्याकडे ठेवतात आणि ध्वज कधीही चितेत जाळत नाहीत की खड्ड्यात सोडत नाहीत. बाकी कोणाच्या अंत्ययात्रेत तो पांघरणं हा १९७१ च्या कायद्याने गुन्हा होऊ शकतो. बाबासाहेबांनी दिलेल्या संविधानाचा देश आहे, त्याच्या झेंड्याचा मान आपण आधी राखायचा. आपल्याकडे पंचशील ध्वज आहे. तो घालावा.

तीन, बिगुल. लष्करी अंत्यविधीला "लास्ट पोस्ट" नावाची धून वाजते. छावणीत रात्रीचे पहारे लागले, आजचा दिवस संपला, याची ती खूण. ती वाजवता येणारा कोणी असेल तर उत्तम. नसेल तर शांतता पाळावी. सिनेमाचं गाणं नको.

मग आम्ही काय केलं? पार्थिवावर पंचशील ध्वज घातला. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत पदकं होती, स्तंभाचा तो जुना बिल्ला होता. एका उशीवर पांढरं फडकं अंथरून ती पदकं आणि बिल्ला ठेवला, आणि ती उशी त्यांच्या नातीने हातात धरली. ती सगळ्यात पुढे चालली. काहींनी कुरकुर केली, मुलगी स्मशानात कशाला? महिला मंडळाच्या ताईंनी परस्पर उत्तर दिलं, "जिने मरेपर्यंत औषधं दिली तिलाच विचारा." विषय संपला.

दलाचे सोळा सैनिक निळी टोपी, पांढरा सदरा घालून दोन रांगांत. घोषणा नाही, ढोल नाही. बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील दिलं, अनित्यतेची गाथा म्हटली. त्यानंतर निवृत्त नायकांनी एका माणसाने एका माणसाबद्दल बोलावं तसं पाच मिनिटं वाचलं. नाव, गाव, भरतीचं साल, पलटण, कुठं कुठं गेले, गिरणीत किती वर्षं उभे होते. बस. मग "सावधान". दोन मिनिटं शांतता. सलामी. "विश्राम". जळाऊ लाकडाच्या वखारीवरचे हमाल काम थांबवून उभे राहिले होते, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

नावाचं मघाशी बोललो, त्याचं पुढचं ऐका. दोन दिवसांनी आजींकडे गेलो. तिथं आधी एक काम केलं. नात्यातल्या काही वडीलधाऱ्या बाया आजींच्या बांगड्या फोडायला निघाल्या होत्या. ताईंनी सांगितलं, हे आपल्या धम्मात नाही, माणूस गेला म्हणून बाईचा अपमान करायचं कारण नाही. आजींच्या हातातल्या बांगड्या तशाच राहिल्या.

मग कागद काढले. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना महाराष्ट्र शासन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत मानधन देतं. आजोबांनी ते कधी मागितलंच नव्हतं. का? डिस्चार्ज बुकात इंग्रज कारकुनाने ऐकलं तसं नाव लिहिलेलं, बापाचं नाव निराळं, आडनावाच्या जागी गाव. आणि रेशनकार्डावर पुढे बदललेलं आडनाव. आजोबा म्हणायचे म्हणे, "मी तोच आहे हे मीच सांगत कुठे फिरू?" स्वाभिमानी माणूस.

बंधूंनो, स्तंभावर नाव कोरलेल्यांच्या वारसाला स्वतःचं नाव सिद्ध करता आलं नाही म्हणून हक्क सोडावा लागला, हे आमच्या फार मनाला लागलं. दोन्ही नावं एकाच माणसाची, असं प्रतिज्ञापत्र केलं, राजपत्रात नाव प्रसिद्ध झालेलं नव्हतं म्हणून चाळीतल्या जुन्या माणसांचे जबाब जोडले, गिरणीचं सर्व्हिस कार्ड जोडलं. खेपा झाल्या. आमच्यातला एक बदली बुडवून जायचा, दुसऱ्या दिवशी दुसरा. अखेर आजींच्या नावाने पैसे सुरू झाले. पहिले पैसे आल्यावर आजींनी आम्हाला बोलावलं, चहा दिला आणि विचारलं, "ह्यांचं नाव लिहिलंय का त्यात?" आम्ही कागद दाखवला. त्यांना वाचता येत नव्हतं. नातीने बोट ठेवून दाखवलं. आजींनी तिथं बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

तेव्हापासून आमच्या शाखेने ठरवलं, मानवंदना दोन भागांत द्यायची. पहिला भाग स्मशानात, पाच मिनिटांचा. दुसरा भाग घरी, लागतील तितक्या महिन्यांचा. दुसरा भाग करायचा नसेल तर पहिल्याचा थाट करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता थोडं कामाचं बोलतो आणि थांबतो.

आपल्या वस्तीत फौजेतून आलेले किती आहेत, याची एक वही विहारात ठेवावी. दुसऱ्या महायुद्धातले आता जवळपास कोणी उरले नाहीत, पण त्यांच्या विधवा असतील. १९६२, १९६५, १९७१ च्या लढाया पाहिलेले आहेत. श्रीलंकेत, कारगिलला जाऊन आलेले आहेत. प्रत्येकाचं नाव, पलटण, डिस्चार्ज बुक कुठं ठेवलं आहे, पेन्शन असेल तर पेन्शनच्या कागदावर पत्नीचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का, हे माणूस जिवंत असताना पाहावं. पत्नीच्या नावात एका अक्षराचा फरक असेल तर तो आज दुरुस्त होतो, नवऱ्याच्या पश्चात तिला त्यासाठी किती उंबरे झिजवावे लागतात ते आम्ही पाहिलं आहे. आपल्या मुली आता संगणकावर शिकल्या आहेत, हे काम त्यांच्याकडे द्यावं. त्या आमच्यापेक्षा नीट करतील.

आणि ज्यांनी आयुष्यभर पहारा दिला त्यांच्यापाशी जिवंतपणी जरा बसावं. जयंतीच्या स्टेजवर आमदार-नगरसेवकांना हार घालतो, तसा एक हार त्यांनाही घालावा. त्यांना पोरांसमोर बोलायला लावावं. लढाई काय असते हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही, आणि आम्ही ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यातल्या एकानेही लढाई चांगली असते असं सांगितलं नाही. पहिल्या शिलाबद्दल विचारणाऱ्या त्या तरुणाने त्यांच्याकडेच जावं. त्याचं समाधान आमच्या भाषणापेक्षा तिथं जास्त होईल.

७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या समुद्रकिनाऱ्यावर बाबासाहेबांना अखेरचा निरोप दिला, तेव्हा भदन्त आनंद कौसल्यायन यांच्याकडून जमलेल्या लोकांनी तिथंच धम्मदीक्षा घेतली. म्हणजे आपल्या समाजात अंत्यविधी नुसता रडून संपत नाही, माणूस काहीतरी पत्करून घरी जातो. ही रीत आपल्याला बाबासाहेबांच्या चितेजवळ मिळाली आहे. ती चालवूया.

वही समितीने आजच आणली आहे, दारापाशी टेबलावर ठेवली आहे. जाताना ज्यांच्या घरी कोणी फौजी असेल त्यांनी नाव लिहून जावं. नाव पूर्ण लिहावं, आजोबा-पणजोबांचं असेल तेही, आणि स्पष्ट अक्षरात.

जयभीम! जय भारत!